टॅपेट सेट करूनही टकटक?

हे बघ छोटे, बाबांच्या पद्मिनीचे टॅपेट आता परत सेट करून आणू नकोस. फिटर स्क्रू फिरवतो, पैसे घेतो, आणि काशिमिऱ्याचा सिग्नल येईपर्यंत टकटक पुन्हा सुरू. सेटिंग चुकत नाहीये गं, रॉकर झिजलेत.

रॉकरची असेंब्ली उतरवायला लाव. रॉकरचं जे टोक व्हॉल्व्हच्या दांडीवर दाबतं ना, त्यावरून नख फिरव. दांडीच्या मापाचा खड्डा लागेल. फिलर गेजची पट्टी रुंद, ती खड्ड्याच्या काठांवर टेकते आणि गॅप बरोबर दाखवते. खरी गॅप मात्र खड्ड्याच्या खोलीइतकी जास्त. फिटर कितीही हुशार असो, इथे फसणारच. शाफ्टही खालून बघ. रॉकर त्याला खालून वर रेटतात, म्हणून वरून चकचकीत दिसतो आणि झीज सगळी पोटाशी.

पुशरॉड काढताना पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, नंबर घालून त्यात खोचून ठेव. ज्याचा त्याच्याच जागी गेला पाहिजे. काचेवर लोळवून बघ, वाकडा असेल तर उड्या मारतो.

रॉकर घासायचं काम भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत होईल. पण समोर उभी राहा. टोकाची गोलाई तशीच ठेवून खड्ड्यापुरतंच घासायचं. वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की आतलं लोखंड भराभर झिजतं. खड्डा खोल असेल तर घासूच नकोस, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात दुसरा रॉकर शोध. गाडी जन्मलीही कुर्ल्यातच, प्रीमियरच्या कारखान्यात! फक्त वेळ लावू नकोस. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. दुकानदार आता हा माल कुणासाठी भरतील?

कॅमशाफ्ट बदलायची वेळ आलीच, तर त्यावर बसणारे जुने टॅपेट परत घालू देऊ नकोस. झिजलेला टॅपेट नवा कॅम खातो.

सगळं बसल्यावर गॅप थंड इंजिनवर, गाडीच्या पुस्तकात दिलीय तेवढीच. आवाज पार बंद करायच्या नादात कुणी कमी केली, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि एक्झॉस्टचा जळतो. थोडी टिकटिक राहिली तर राहू दे.