हिवाळ्याआधी परसबाग कशी आवरावी?

(शेती व आरोग्य : अभ्यासपाठ)



दसरा झाला की आपल्याकडे सगळ्यांचे हात शेतात गुंतलेले असतात. कपाशीची वेचणी, सोयाबीनची मळणी, केळीचे खतपाणी, हरभऱ्या-गव्हासाठी रानाची तयारी. या धांदलीत घरामागच्या परसबागेकडे कोणाचे लक्ष जात नाही. चार महिने भाजी देऊन थकलेले गिलक्या-दोडक्याचे वेल मांडवावर तसेच लोंबत राहतात. भेंडी जून होऊन उभी असते. पिवळ्या पडलेल्या काकड्या वेलाखाली सडतात. "वाळेल आपोआप" असे म्हणून आपण शेताची वाट धरतो.

अशा सोडून दिलेल्या बागेने दोन ठिकाणी नुकसान होते. एक आपल्या घरात आणि दुसरे शेजाऱ्याच्या शेतात. म्हणून या पाठात जुनी बाग कशी आवरावी आणि हिवाळ्याची बाग वेळेवर कशी लावावी, हे क्रमाने पाहू.

आपल्या घराचे नुकसान

थंड देशांत हिवाळ्यात बर्फ पडते, म्हणून तेथील लोक बाग आवरून वसंतापर्यंत बंद ठेवतात. आपल्या जसोंडी-बुरहानपूरच्या भागात गोष्ट उलट आहे. मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर, वाटाणा, कोबी यांचा खरा हंगाम हिवाळाच. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी झाली, तर नाताळपर्यंत आणि पुढे उपवासकाळापर्यंत घरची भाजी मिळते. जुन्या वेलांनी जागा अडवून ठेवली आणि पेरणी डिसेंबरावर गेली, तर गाजर-कोबी तयार होईपर्यंत ऊन तापू लागते. मेथी-पालकही लवकर तुऱ्यावर येतात.

भाजीची गरज किती आहे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे खावीत. पाच माणसांच्या घराला इतकी भाजी रोज विकत घेणे किती जणांना परवडेल? दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वर्षांच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ आणि ६ महिने ते ५ वर्षांच्या दर १०० मुलांपैकी ६७ जणांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी होण्याची कारणे अनेक आहेत. पण ताटात हिरवी भाजी नसणे हे त्यातले एक कारण आपल्या हातातले आहे.

शेजाऱ्याचे नुकसान

केळी हे बुरहानपूर जिल्ह्याचे मुख्य नगदी पीक. या केळीवर 'हरण्या' नावाचा रोग येतो. कुकुंबर मोझॅक नावाच्या विषाणूमुळे तो होतो. कुकुंबर म्हणजे काकडी. नावावरूनच कळते की हा विषाणू काकडीवर्गीय वेलांवरही राहतो. टोमॅटो, मिरची, वांगी, चवळी आणि केन्यासारखे तण यांवरही तो जगतो. केळीच्या पानावर पिवळसर तुटक पट्टे दिसतात, पाने आकसतात आणि रोग बळावला की पोंगा सडतो. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात रावेर-यावल पट्ट्यात २०२० साली या रोगामुळे शेतकऱ्यांना केळीची लहान झाडे उपटून फेकावी लागली. ढगाळ, थंड व सततच्या पावसाळी हवेत रोग लवकर पसरतो.

रोग पसरवण्याचे काम मावा करतो. रोगट वेलावर मावा काही क्षण बसला तरी विषाणू त्याच्या सोंडेला लागतो आणि पुढच्या झाडावर सोंड खुपसताच तेथे जातो. म्हणून औषध मारून मावा मेला, तरी तोपर्यंत रोग दिलेला असतो. रोग लागलेल्या झाडाला बरे करणारे औषध नाही. झाड उपटून नष्ट करणे एवढाच उपाय. आता विचार करा. परसातल्या काकडीच्या वेलाला ऑक्टोबरात फळ नाही, तो आपल्या कामाचा नाही. पण त्याच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे असतील आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याची केळी असेल, तर त्या निकामी वेलापायी त्याची वर्षाची कमाई जाऊ शकते. शेजाऱ्यावर प्रीती करावी, असे आपण वेदीवरून ऐकतो. ती प्रीती विळा हाती घेऊनही करता येते.

काम कोणत्या क्रमाने करावे?

१. आधी पाहणी करावी. विळा लावण्यापूर्वी बागेतून एक फेरी मारावी. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई ठेवायचीच. वालाच्या वेलाला हिवाळ्यातच शेंगा धरतात, तो काढू नये. वांगी व मिरची निरोगी असतील तर वाळक्या फांद्या छाटून, बुडाशी शेणखत घालून ठेवावीत. ज्यांची पाने चुरगळली आहेत किंवा पानांवर पिवळे चट्टे आहेत, ती झाडे ठेवू नयेत. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या असतील, तर तो केवडा रोग होय. पांढरी माशी तो पसरवते. तेही झाड जाऊ द्यावे.

२. मग बी धरावे. हे काम उपटण्याआधी करावे, नंतर चुकचुकून उपयोग नाही. बी नेहमी निरोगी व चांगले फळ देणाऱ्या झाडाचे घ्यावे. रोगट झाडाचे बी घेऊ नये, कारण चवळीसारख्या पिकात विषाणू बियांतूनही पुढे जातो. गिलके-दोडके वेलावरच तपकिरी होऊन आतले बी खुळखुळू लागले की तोडावे. दुधी व डांगराची साल नखाने ओरखडा न पडण्याइतकी कडक होऊ द्यावी. कारले नारिंगी झाले की बी काढून, वरचा लाल गर पाण्यात चोळून धुवावा. भेंडी, गवार व चवळीच्या शेंगा झाडावर पूर्ण वाळवाव्यात. बी सावलीत वाळवून, कोरड्या राखेत मिसळून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. बरणीवर भाजीचे नाव व वर्ष लिहावे. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये, पुढच्या पिढीत झाडे सारखी येत नाहीत. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला, तरी त्यात बी किंवा घरातली कोणतीही वस्तू ठेवू नये.

३. उपटताना मुळे पाहावीत. वेल व झाडे मुळासकट काढावीत. वांगी, टोमॅटो व भेंडीची मुळे झटकून पाहा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील, तर जमिनीत सूत्रकृमी आहेत. त्या वाफ्यात लगेच पुन्हा वांगी-टोमॅटो लावू नयेत. तेथे कांदा किंवा लसूण घ्यावा आणि कडेने झेंडू लावावा. झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात.

४. सडकी फळे वेगळी करावीत. गिलके, कारले, काकडी यांची सडकी फळे फोडून पाहिली, तर आत पांढऱ्या अळ्या दिसतात. ही फळमाशीची अळी. ती फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि पुढच्या हंगामात पुन्हा माशी होऊन येते. अशी फळे उकिरड्यावर फेकू नयेत. दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वर माती घट्ट दाबावी. विषाणूग्रस्त वेल व गाठीची मुळेही त्याच खड्ड्यात घालावीत. मांडवाखालची माती कुदळीने उकरून उन्हात तापू द्यावी, म्हणजे मातीतले कोष उघडे पडतात व पक्षी वेचून खातात.

५. निरोगी काडीकचऱ्याचे खत करावे. तो जाळू नये. आपल्या जवळच्या इंदूर शहरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने यशवंत वाड यांच्या सोबतीने कचऱ्यापासून खत करण्याची रीत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. ती मूळची आपल्याकडच्याच शेतकऱ्यांच्या सामग्रीवर उभी आहे : पिकांचा पालापाचोळा, शेण, गोमूत्र भिजलेली गोठ्यातली माती, राख आणि पाणी. चिरलेल्या वेलांचा वीतभर थर द्यावा, वर शेणकाला शिंपडावा, मग मूठ-दोन मूठ राख व माती पसरावी. असे थर कमरेइतके रचावेत. ढीग ओलसर असावा, चिखल नसावा. दोन-तीन आठवड्यांनी खालचे वर, वरचे खाली करावे आणि पुढे एकदा-दोनदा तसेच फिरवावे. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. आज रचलेला ढीग उन्हाळी भाजीला कामी येईल.

६. लगेच पेरणी करावी. मोकळे वाफे उकरून, कुजलेले शेणखत मिसळून, चार दिवस उन्हे दाखवून पेरावे. मेथी चार आठवड्यांच्या आत खुडणीला येते, पालक पाच आठवड्यांत, मुळा साधारण दीड महिन्यात आणि गाजर तीन महिन्यांत. सगळी मेथी एकाच दिवशी टाकू नये. दर पंधरा दिवसांनी एक लहान वाफा पेरावा, म्हणजे भाजी सतत राहते. जुने बी असेल तर आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. आठ उगवले तर बी चांगले. ओलावा टिकण्यासाठी वाफ्यांवर केळीची वाळलेली निरोगी पाने पसरावीत. ज्यांचे परस केळीच्या मळ्याला लागून आहे, त्यांनी काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची, वांगी व चवळी त्या बाजूला लावू नयेत आणि कुंपणाकडेचा केना उपटत राहावे.

आवरताना घ्यायची काळजी

वाळक्या वेलांच्या गुंताड्यात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. हात घालण्यापूर्वी काठीने ढीग हलवावा, पायांत बूट घालावेत, मुलांना दूर ठेवावे. साप चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. चावलेला भाग न हलवता रुग्णाला तडक सरकारी दवाखान्यात न्यावे. झाडपाला व मंत्रात वेळ घालवणे जिवावर बेतते.

बागेतल्या फुटक्या कुंड्या, करवंट्या, जुने टायर, डबे उलटे करावेत. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. पाण्याची टाकी झाकावी आणि पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावे.

कपाशीसाठी आणलेले औषध घरच्या भाजीवर कधीही मारू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-मजूर दगावले. उघड्या शेतात माणसाला मारणारे विष मुलांच्या ताटाजवळ आणू नये. मावा पडला तर पाण्याचा जोराचा फवारा द्यावा, निंबोळी अर्क शिंपडावा आणि जास्त किडलेली पाने खुडून टाकावीत.

भाजी ताटात आल्यावर

पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. फार वेळ शिजवून तिचे पाणी फेकू नये. जेवताना लिंबू पिळावे, त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह अंगी लागते. जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये, त्याने लोह अडते. घरात भाजी कमी असेल तर आधी गरोदर स्त्रीला व लहान मुलांना वाढावी. बहुतेक घरांत ती पुरुषांना आधी व सुनेला शेवटी मिळते, ही रीत बदलली पाहिजे. ज्यांना सतत थकवा, धाप किंवा अंगदुखी असते, त्यांनी रक्त तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या व सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. सिकलसेल हा जन्मजात आजार आहे, तो केवळ भाजीने बरा होत नाही.

मनन

संत लूकच्या शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे (१३ : ६-९). तीन वर्षे फळ न देणारे झाड मालक तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. पण तो नुसता वाट पाहत बसत नाही. झाडाभोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम तो स्वतःकडे घेतो. फळ धरले नाही तर झाड तोडायलाही तो तयार आहे. काय राखावे व काय काढावे, हे ठरवण्याआधी मेहनत करणारा हा माळी आपल्याला दोन्ही गोष्टी शिकवतो.

२ नोव्हेंबरला मृत भाविकांच्या स्मरणासाठी आपण दफनभूमी झाडतो, गवत काढतो, कबरींवर फुले वाहतो. त्याच आठवड्यात एक दिवस घरच्या बागेसाठी काढावा. आगमनकाळ सुरू होईल तेव्हा वाफ्यांत मेथी उगवलेली असावी.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या परसातले कोणते वेल आता निकामी झाले आहेत? त्यांपैकी कोणाच्या पानांवर चट्टे आहेत? जवळ कोणाची केळी आहे?

२. या वर्षी कोणत्या तीन भाज्यांचे बी घरी धरता येईल? जास्त झालेले कोणाला देऊ?

३. आपल्या वस्तीत एकटी विधवा, वृद्ध किंवा आजारी असे कोण आहे, ज्यांची बाग आवरायला तरुणांनी एक रविवार दुपार द्यावी?

देव तुमच्या कष्टांना व तुमच्या घरातील ताटांना आशीर्वाद देवो.

– तुमचा धर्मगुरू