धांवता खेळाडू आणि अचल डोंगर : कॅमेऱ्याची निवड

कोणतीही वस्तु विकत घेण्यापूर्वीं ती आपणांस कशासाठीं हवी, हा प्रश्न स्वतःस विचारावा, असें वडील मंडळी सांगत आली आहेत. हा उपदेश इतका परिचित आहे कीं, तो ऐकतांच आपण मान डोलावितों आणि बाजारांत पाऊल पडतांच तो विसरतों. कॅमेऱ्याच्या बाबतींत हा विसर फार महाग पडतो. आम्ही त्या खड्ड्यांत पडतां पडतां वांचलों. तो अनुभव आमच्या विद्यार्थिमित्रांच्या उपयोगीं पडावा, म्हणून हा लेख लिहीत आहों.

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या शाळेच्या कबड्डी-संघाचा शेवटचा सामना रोह्याजवळच्या एका मैदानावर रात्रीं दिव्यांच्या उजेडांत झाला. संघांतील सात मुलांपैकीं पांच जण शाळा सोडून जाणार होते. तीं सात मुलें पुनः एका संघांत खेळणें शक्य नव्हतें. शाळेच्या जुन्या कॅमेऱ्यानें आम्हीं त्या रात्रीं दोनशेंवर छायाचित्रें घेतलीं. घरीं येऊन पाहतों तों, निर्णायक चढाईच्या चित्रांत मैदान स्पष्ट, दिवे स्पष्ट, पण चढाई करणाऱ्या मुलाच्या जागीं एक पांढरट पट्टा उमटलेला! पुढें पंधरा दिवसांनीं त्याच कॅमेऱ्यानें अवचितगडावरून घेतलेलें कुंडलिकेच्या खोऱ्याचें चित्र मात्र इतकें सुंदर आलें कीं, तें आज शाळेच्या वाचनालयांत लाविलें आहे. तोच कॅमेरा, तेच हात. मग एके ठिकाणीं यश आणि दुसऱ्या ठिकाणीं अपयश कां यावें? नव्या कॅमेऱ्यासाठीं वर्गणी जमूं लागली, तेव्हां या प्रश्नाचा उलगडा झाल्यावांचून एक रुपयाही खर्चूं नये, असें आम्हीं ठरविलें.

दोन विषय, दोन गरजा

छायाचित्र हें प्रकाशानें काढलेलें चित्र होय. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, जितका वेळ उघडा राहतो तितका वेळ प्रकाश आंत येतो. चढाई करणारा खेळाडू सेकंदास ५ मीटर वेगानें सरकतो असें धरूं. शटर १/६० सेकंद उघडें राहिलें, तर तेवढ्यांत तो ८ सेंटिमीटरांहून अधिक पुढें जातो. म्हणजे त्याचा हात आपल्या तळव्याच्या रुंदीएवढा पुसला जातो. तेंच शटर १/१००० सेकंद उघडें ठेविलें, तर तो अवघा ५ मिलिमीटर सरकतो व चित्र स्वच्छ येतें. परंतु त्याबरोबर आंत येणारा प्रकाशही सुमारें सतरावा हिस्सा उरतो. कोलाडजवळ कुंडलिकेच्या पाण्यावर राफ्टिंगच्या होड्या धांवतात, तेथें हिंवाळ्याच्या उन्हांत ही तूट जाणवत नाहीं. रात्रीच्या मैदानावर मात्र ती भरून काढणें हाच सारा प्रश्न असतो.

डोंगराची गोष्ट याच्या उलट आहे. अवचितगड कोठें पळून जात नाहीं. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसविला कीं शटर एक सेकंद उघडें ठेवा अथवा दहा सेकंद. प्रकाश हवा तितका साठवितां येतो. येथें गरज निराळी. पहांटेच्या उजळ आकाशांतील ढगही दिसावे आणि खालच्या रानांतील सावलींत लपलेलीं झाडेंही दिसावीं, हें कॅमेऱ्यास साधलें पाहिजे. पेणजवळच्या खारजमिनींत भाताच्या बांधावरून दूरवर पाहिलें, तर शेवटच्या बांधाची रेघही तुटतां कामा नये. म्हणजे खेळास शीघ्रता हवी आणि निसर्गास सूक्ष्मता हवी.

हा भेद आजचा नव्हे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं होते. त्या काळीं कांचेवरील लेपावर चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. त्यामुळें लेणीं, देवळें, डोंगर आणि निश्चल बसविलेलीं माणसें हेच विषय छायाचित्रकारांस सोईचे वाटत. पुढें १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत मायब्रिज यानें १२ कॅमेरे ओळीनें मांडून, चौखूर धांवणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणीं जमिनीवरून उचललेले असतात, हें दाखवून दिलें. एका घोड्यासाठीं बारा कॅमेरे लागले, यावरून वेग पकडणें किती कठीण होतें हें ध्यानीं येईल.

बॉडींत काय पाहावें?

भिंग काढून ठेविल्यावर कॅमेऱ्याचा जो भाग उरतो त्यास बाजारांत बॉडी म्हणतात. तिची परीक्षा पुढील गोष्टींवरून करावी.

(१) सेन्सरचा आकार. प्रकाश टिपणाऱ्या चकतीस सेन्सर म्हणतात. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरांचा असतो. एपीएस-सी जातीचा सुमारें २३.५ × १५.६ मिलिमीटरांचा. पहिल्याचें क्षेत्रफळ दुसऱ्याच्या सव्वादोनपटींहून थोडें अधिक भरतें, म्हणून अंधारांत त्याचें चित्र कमी कणीदार येतें. परंतु लहान सेन्सरवर २०० मिलिमीटरांचें भिंग ३०० मिलिमीटरांच्या भिंगाइतकें दूरचें दृश्य जवळ आणून दाखवितें, हा खेळाच्या कामीं लाभच आहे.

(२) पिक्सेलांची संख्या. २४ मेगापिक्सेलांच्या चित्रांत आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके असतात. इंचास ३०० ठिपके या उत्तम प्रमाणानें छापलें, तर तें २० × १३ इंचांचें होतें. आमच्या वार्षिकाचें पान याच्या निम्म्याहूनही लहान आहे! ४५ मेगापिक्सेलांची हौस भिंतभर चित्रें लावणाऱ्यांनीं करावी.

(३) फोकस आणि शीघ्रता. खेळाडू सारखा हलत असतो, मध्यें दुसरे खेळाडू येतात. अशा वेळीं त्यालाच धरून राहणारा ऑटोफोकस ही खेळाच्या कॅमेऱ्याची पहिली कसोटी होय. त्यानंतर सेकंदास किती चित्रें, व तीं किती वेळ न थांबतां, हें पाहावें. सेकंदास १० चित्रें घेणारी बॉडी दोन सेकंदांत दमून थांबत असेल, तर नेमकी पकड होण्याच्या वेळीं ती गप्प बसेल.

(४) दिव्यांचें लुकलुकणें. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची असल्यामुळें पुष्कळ दिव्यांचा उजेड सेकंदास १०० वेळां कमीजास्त होतो. डोळ्यांस तें कळत नाहीं. पण १/१००० सेकंदाच्या चित्रांपैकीं एक उजळ तर दुसरें काळवंडलेलें येतें. कांहीं बॉडी उजेडाचा कळस ओळखून त्याच क्षणीं शटर उघडतात. रात्रीच्या सामन्यांसाठीं ही सोय अवश्य विचारावी.

(५) पाण्यापासून रक्षण. आमच्या जिल्ह्यांत पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. सांध्यांत रबरी पट्ट्या बसविलेली बॉडी तुषार सोसते. तरी पावसाळाभर कॅमेरा व भिंगें घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका-जेलच्या पुड्यांसह ठेवावीं. नाहींपेक्षां भिंगाच्या कांचेवर बुरशी चढते.

कारखानदारांनाही दोन्ही गरजा एका बॉडींत बसविणें पुष्कळ वर्षें जड गेलें. निकॉनची डी-५०० (२०१६) सेकंदास १० चित्रें घेई, पण तीं २०.९ मेगापिक्सेलांचीं, डी-८५० (२०१७) ४५.७ मेगापिक्सेलांचीं चित्रें देई, पण स्वतःच्या बळावर सेकंदास सातच. पुढें २०२३ सालीं आलेल्या झेड-८ नें दोहोंचा मेळ घातला. परंतु भारतांत ती तीन लाखांहून अधिक किंमतीनें आली. अशी बॉडी घेतल्यावर शाळेपाशीं भिंगासाठीं काय उरेल?

आमचा प्रयोग

एका दुकानदारानें आम्हांस फुल-फ्रेमच घेण्याचा आग्रह केला. आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेलें भिंग, चित्र जवळ आणलें म्हणजे, एफ ५.६ पेक्षां अधिक उघडत नसे. ५० मिलिमीटरांचें एफ १.८ चें साधें भिंग त्याच्या सुमारें दसपट प्रकाश आंत घेतें. फुल-फ्रेमनें मिळणारा लाभ सव्वादोनपटीचा आणि या स्वस्त भिंगाचा दसपटीचा! सतरापटींची तूट होती; त्यांतील दसपट भिंगानें भरली, व उरलेली पावणेदोनपट आयएसओ ३२०० चा ६४०० केल्यानें भरून निघाली.

हिशेब पडताळावा म्हणून असें एक भिंग उसनें आणून आम्हीं जुन्याच कॅमेऱ्यावर चढविलें आणि सरावाच्या सामन्यास गेलों. पट्टे नाहींसे झाले. चढाईपटूच्या कपाळावरील घामाचे थेंब दिसूं लागले. तथापि दहांतील सहा चित्रांत फोकस त्याच्यावर न बसतां मागच्या प्रेक्षकांवर बसला होता. हा दोष भिंगाचा नव्हता, बॉडीचा होता. याप्रमाणें कोणता दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा हें निश्चित झालें : अंधाराचा इलाज भिंग, फोकसाचा इलाज बॉडी, आणि डोंगराच्या सूक्ष्मतेचा इलाज ट्रायपॉड व पहांटेचें उठणें.

त्यावरून आम्हीं एपीएस-सी जातीची, २४ मेगापिक्सेलांची, चांगल्या फोकसाची व लुकलुक टाळणारी बॉडी घेतली, तीही वापरलेली. वापरलेली वस्तु घेतांना शटर किती वेळां चाललें याची नोंद विचारली, भिंग जोडण्याची कडी हलवून पाहिली आणि उजेडासमोर सेन्सरवरील डाग तपासले. वांचलेल्या पैशांत तें ५० मिलिमीटरांचें भिंग आणि एक भक्कम ट्रायपॉड आला. गडावरील चित्रांसाठीं जुनें भिंगच एफ ८ वर पुरेसें चांगलें काम देतें.

पेणच्या मूर्तिशाळांत जाऊन पाहावें. साच्यांतून एकसारख्या मूर्ति निघतात. पण डोळ्यांची आखणी करणारा हात जितका सधा तितकी मूर्ति सजीव दिसते. कॅमेऱ्याची बॉडी हा साचा होय. तो वांकडा नसावा हें खरें. परंतु केवळ साच्यावर सारी पुंजी घालून रंगाऱ्यास रिकाम्या हातीं बसविणें शहाणपणाचें नव्हे.

राहिला प्रश्न असा कीं, एकच बॉडी घ्यावयाची तर दोन विषयांपैकीं कोणत्या विषयाची गरज आधीं पाहावी? आमचें उत्तर : जो विषय थांबत नाहीं त्याची. अवचितगडाचें चित्र आज बिघडलें, तर पुढच्या रविवारीं पुनः चढून जातां येतें. त्या रात्रीच्या सात मुलांचें चित्र मात्र आतां कोणत्याही किंमतीस मिळणार नाहीं. पांच जण पांच ठिकाणीं गेले. यंदाच्या संघाचा पहिला सामना पुढील महिन्यांत आहे, आणि आम्ही मध्यरेषेच्या टोकाशीं वेळेपूर्वीं जाऊन उभे राहणार आहों.