मृणालला पत्र

मुलुंड

चि. सौ. मृणाल हिस,


सोमवारपासून तू पुन्हा अंधेरीच्या ऑफिसला जाणार, हे ताईने सांगितलं. फार बरं वाटलं. पण वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर एक नक्की सांगते: पेशंटला बरं वाटायला लागलं की गोळ्यांकडे दुर्लक्ष होतं.

1965 साली परळच्या केईएममध्ये देशातली पहिली किडनी बसवली गेली, तेव्हा तू घेतेस ते टॅक्रोलिमस नव्हतं. ते 1984 मध्ये जपानमधल्या मातीतल्या जिवाणूत सापडलं. औषध मोठं गुणाचं, पण त्याचं माप काटेकोर. रक्तात कमी पडलं तर शरीर ताईने तुला दिलेली किडनी परकी म्हणून नाकारेल. जास्त झालं तर तेच औषध किडनी बिघडवतं, हात थरथरतात, साखर वाढते. म्हणून सकाळी नऊ म्हणजे नऊ, रात्री नऊ म्हणजे नऊ. लेव्हल तपासायची असेल त्या दिवशी आधी रक्त दे, मग गोळी घे. उलट केलंस तर आकडा फुगलेला येईल आणि डॉक्टर उगाचच डोस कमी करतील.

पावसाळ्यात जुलाब झाले की गोळी अंगी लागली नसेल म्हणून काही जण जास्तीची घेतात. तसं कधीही करू नकोस. जुलाबात आतड्यात टॅक्रोलिमस कमी मोडतं, लेव्हल उलट चढते. त्याच दिवशी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन कर. क्लॅरिथ्रोमायसिननेही ती चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने पडते. घाटकोपरचे आपले डॉक्टर कितीही चांगले असोत, त्यांची चिठ्ठी आधी ट्रान्सप्लांट टीमला दाखव. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन तर नाहीच.

गणपतीत पपनस फोडलं की सगळे आग्रह करतील. एक फोडसुद्धा खाऊ नकोस, त्यानेही लेव्हल वाढते. आणि केमिस्ट ‘कंपनी वेगळी, औषध तेच’ म्हणाला तरी स्ट्रिप बदलून घेऊ नकोस. दिवसातून एकदा घ्यायची आणि दोनदा घ्यायची अशा दोन्ही कॅप्सूल मिळतात, नावंही सारखीच वाटतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. बाळाचा विचार तुम्ही दोघं करताय, याचा मला आनंदच आहे. पण तुझी मायकोफेनोलेटची गोळी चालू असताना दिवस राहिले तर गर्भपाताचा आणि बाळात व्यंग राहण्याचा धोका मोठा असतो. दिवस राहण्याच्या निदान सहा आठवडे आधी ते थांबवून बहुधा ॲझाथायोप्रिन देतात, आणि नव्या गोळीवर किडनी स्थिर आहे ना, ते पाहतात. हे सारं डॉक्टरांनीच करायचं. मनाने एकही गोळी बंद करू नकोस. तोवर संततिनियमन काटेकोर पाळा. पुढच्या ओपीडीला जावईबापूंना सोबत ने आणि हा विषय तूच काढ. सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघते.

तुझी,
मावशी