अपरिचित बचावासमोर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील वसतिगृहात बुद्धिबळ खेळणारी मुले एका चालीपुढे गोंधळतात. पांढऱ्याने राजापुढील प्यादे दोन घरे नेताच काळा वजिराकडील हत्तीपुढचे प्यादे एकच घर सरकवतो. ‘याला खेळता येत नाही’ असे मानून आमचा विद्यार्थी घाईने वजीर बाहेर काढतो, वेळ गमावतो आणि हरतो.

१९८० साली स्वीडनमधील स्कारा येथे टोनी माइल्स यांनी हीच चाल खेळून तत्कालीन जगज्जेते अनातोली कार्पोव्ह यांना हरविले होते. म्हणून प्रतिपक्षाला हसू नये आणि भिऊही नये.

वजिरापुढील प्यादेही दोन घरे न्यावे. काळा घोड्यापुढचे प्यादे दोन घरे ढकलून त्यामागे उंट बसवतो व आपल्या मधल्या प्याद्यावर नेम धरतो. त्या प्याद्याला राजाकडील उंटाचा आधार द्यावा, घोडा काढावा, किल्लेकोट करावा. मग वजिराकडील हत्तीपुढचे प्यादे दोन घरे नेऊन काळ्याच्या पुढच्या प्याद्याला आव्हान द्यावे. ते पुढे सरकले, तर त्याच्या पहाऱ्यातील घर आपल्या घोड्याला मोकळे होते.

ज्यांच्या आजोबांना वरवर पाहूनच कमी लेखले गेले, त्या मुलांनी तरी समोरच्याला न पारखता कमी लेखू नये.