हेडफोन जॅक बिघडला : ३०० रुपये की ३,०००?

लॅपटॉपला हेडफोन लावले तर आवाज एकाच कानात येतो, किंवा हेडफोन काढले तरी स्पीकर मुकेच राहतात. अशा वेळी मिरा रोड-भाईंदरमधलं जवळचं दुकान गाठण्याआधी घरीच पंधरा मिनिटं द्या. तेच हेडफोन मोबाइलला लावून बघा, मग दुसरे हेडफोन लॅपटॉपला. जुन्या हेडसेटला माइकची आणि आवाजाची अशा दोन पिना असतील आणि लॅपटॉपला एकच भोक असेल, तर बिघाड काहीच नाही. १००-२०० रुपयांचा जोडणारा स्प्लिटर पुरतो. विंडोजमध्ये घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हातून आवाज कुठे जातोय ते तपासा. तो ब्लूटूथ किंवा टीव्हीच्या एचडीएमआयकडे वळलेला असू शकतो. नाहीतर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ऑडिओ ड्रायव्हर पुन्हा टाका. स्प्लिटर सोडला तर इथवर खर्च शून्य.

भाईंदरला खाडी आणि मिठागरं लागूनच आहेत. दमट, खारट हवेत धातू लवकर काळा पडतो. साडेतीन मिलिमीटरच्या त्या भोकात स्प्रिंगसारख्या पातळ पत्त्या असतात आणि बऱ्याच जॅकमध्ये पिन आत आली की नाही हे ओळखणारा एक बारीक स्विचही. तो अडकला की पिन काढली तरी लॅपटॉपला ती आतच वाटते, म्हणून स्पीकर बंद राहतात. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पिनेला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती आठ-दहा वेळा आत-बाहेर करा आणि नीट वाळू द्या. सुई किंवा टाचणी मात्र कधीच घालू नका.

पिन हलवल्यावर आवाज येतो-जातो? मग जॅक ढिला झाला आहे. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा : जॅक वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे की मदरबोर्डावर? वेगळा असेल तर बोर्ड बदलून काम होतं. मॉडेलप्रमाणे साधारण ८०० ते २,००० रुपये धरा. मदरबोर्डावर असेल तर जुना जॅक काढून नवा सोल्डर करावा लागतो. सुटा भाग स्वस्त, पैसे हाताच्या कौशल्याचे, साधारण ६०० ते १,५०० रुपये. अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगितलं, तर दुसऱ्या दुकानात विचारल्याशिवाय होकार देऊ नका. वॉरंटी चालू असेल तर आधी अधिकृत सेवा केंद्र. बाहेर उघडलेला लॅपटॉप पुढे वादाचं कारण होतो. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर पर्याय भरपूर, पण अर्धा दिवस आणि लोकलची गर्दी हिशेबात धरा.

जुन्या लॅपटॉपसाठी माझा स्पष्ट सल्ला : २०० ते ४०० रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ते जॅकला वळसा घालून थेट यूएसबीतून आवाज देतं. मुलांचा अभ्यास किंवा घरून काम अडलं असेल, तर हा उपाय त्याच दिवशी होतो.

दुरुस्तीला देताना तपासणीचे पैसे किती, ते दुरुस्तीच्या रकमेतून वजा होतात का आणि वॉरंटी किती दिवसांची, हे पावतीवर लिहून घ्या. जॅक बदलायला फॉरमॅट लागत नाही. पासवर्ड देण्याऐवजी आवाजाची चाचणी समोर करून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

लॅपटॉप परत घेताना स्वतःचे हेडफोन न्या. दोन्ही कान, माइक, पिन हलवून एकदा, आणि पिन काढल्यावर स्पीकर लागतात का, एवढं बघूनच पैसे द्या.