ऑपेरा संचालनाच्या स्पर्धेला जाताना: तीन लाख कुठे लागतात

प्रवेश फीचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. युरोपातल्या स्पर्धांची फी शंभर-दीडशे युरोंच्या आसपास धरा, म्हणजे दहा-पंधरा हजार रुपये. मुंबई, पुणे किंवा गोव्याहून जाऊन-येऊन एकूण हिशेब मात्र तीन लाखांच्या घरात जातो, आणि त्यातला निम्म्याच्या जवळपास पैसा विमानात बसण्याआधीच संपतो. उदाहरणादाखल बेल्जियममधलं लिएजचं ऑपेरागृह घेऊ. खास ऑपेरा संचालकांसाठीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तिथे २०१७ मध्ये सुरू झाली. वयाची अट आणि ऑपेरांची यादी त्या-त्या वर्षीच्या नियमावलीतूनच घ्या.

पहिली चाळणी व्हिडिओवर होते. कॅमेरा वादकांच्या बाजूने, तुमचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा हवा, आणि चित्रण मध्ये कुठेही न तोडलेलं. पंधरा-वीस वादक तीन तासांसाठी बोलावले तर पन्नास हजार सहज जातात. नियमांत दोन पियानो चालत असतील तर तोच मार्ग धरा. भारी कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. परीक्षक तुमचे हात पाहतात.

खरा खर्च सरावाचा, आणि तिथे हात आखडू नये. सिंफनीत वादक तुमच्या इशाऱ्यावर चालतात. ऑपेरात गायिका श्वासासाठी क्षणभर थांबते आणि साठ वादकांना तिच्यासोबत थांबवायचं असतं. मोझार्टच्या ‘फिगारो’मधला दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या. सुमारे वीस मिनिटं संगीत अखंड चालतं, दोन गायकांपासून सुरू होऊन सातांपर्यंत जातं, आणि नवं पात्र आत आलं की लयही बदलते. हे आरशासमोर हात हलवून येत नाही. पियानोवादकाला तासाला दोन हजार धरले तर वीस तासांचे चाळीस हजार होतात. दोन-तीन गायकांना काही बैठकांसाठी बोलावण्याचे आणखी पंचवीस हजार. शब्द कळल्याशिवाय गायकाचा श्वास कळत नाही, म्हणून इटालियनची तोंडओळख आधीच करून घ्या.

स्वरलिपीवर मात्र बचत होते. मोझार्टच्या समग्र संगीताची चिकित्सक आवृत्ती साल्झबर्गच्या मोझार्टेउमने २००६ पासून वैयक्तिक अभ्यासासाठी इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. वर्दी आणि पुच्चिनीच्या जुन्या आवृत्त्याही फुकट मिळतात. फक्त आयोजकांना आधी एक ईमेल करा: वादकांपुढे कुठली आवृत्ती असेल? तुमच्या प्रतीतली सरावाची खुणेची अक्षरं त्यांच्याशी जुळली नाहीत, तर वाद्यवृंदासमोर मिळालेल्या मोजक्या मिनिटांतली दोन-तीन मिनिटं स्वरलिपीतली जागा शोधण्यातच जातात.

निवडीचं पत्र आल्यावरच प्रवासाचे पैसे खर्च करा. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या निदान पंधरा दिवस आधी हवा, पण दोन महिने हाताशी ठेवलेले बरे. विमानाला साठ ते नव्वद हजार धरा, आठवडाभराच्या राहण्या-खाण्याला सत्तर-ऐंशी हजार. निवडलेल्या स्पर्धकांना राहायला जागा मिळते का, हे अर्ज करण्यापूर्वीच विचारा; या एका उत्तराने पन्नास हजार वाचू शकतात. कपड्यांवर मात्र खर्च नको, साधा काळा शर्ट पुरतो.

अनेक स्पर्धांतून एकच निवडायची असेल तर रोख बक्षिसापेक्षा पुढे काम मिळतं का ते पाहा. मुंबईच्या झुबिन मेहतांनी १९५८ साली लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांना तिथल्या वाद्यवृंदात वर्षभर सहायक संचालकाचं काम मिळालं होतं. जिथे विजेत्याला ऑपेरागृहात एखादी निर्मिती किंवा सहायकाची जागा मिळते, तिथे फी थोडी जास्त असली तरी भरा.

परतीचं तिकीट अंतिम फेरीनंतरचंच काढा. पहिल्याच फेरीत बाहेर पडलात तरी थांबा, पुढच्या फेऱ्या प्रेक्षकांत बसून ऐका आणि परीक्षकांना भेटायची संधी असेल तर आपल्या चुका नेमक्या विचारून वहीत लिहून घ्या.