हुमुस : चण्याचे मऊ वाटण

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन या प्रदेशांत काबुली चणे, तीळ, लिंबू व लसूण यांचे जे वाटण करतात त्यास हुमुस म्हणतात. अरबीत हा शब्द मूळचा चण्याचाच वाचक होय. चणे नीट न शिजल्यास हे वाटण रवाळ होते. चण्याच्या पेशींना सांधणारे पेक्टिन कठीण पाण्यातील कॅल्शियममुळे बळकट होते; आम्लही त्यास विरघळू देत नाही. उलट, चिमूटभर खाण्याच्या सोड्याने ते लवकर विरघळते. म्हणून रात्रभर भिजविलेले चणे सोडा घालून, बोटांनी सहज चिरडतील इतके शिजवावेत व लिंबाचा रस मागाहूनच घालावा. सोडा मात्र बेताचाच. अधिक झाल्यास चव साबणासारखी लागते व थायामिनही नष्ट होते. तीळ किंचित भाजून बारीक वाटावेत व त्यांत थोडथोडे पाणी घालावे. मिश्रण प्रथम घट्ट होते, त्याने गोंधळून जाऊ नये. पुढे ते आपोआप सैलावते.